टोलनाक्यावरची पिवळी पट्टी परत आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात घरातल्या लग्नासाठी आम्ही मुंबईकडून हुबळीला गाडीने गेलो आणि दोन दिवसांनी परत आलो. मी, माझे मिस्टर, माझे बाबा आणि आठवीतली मुलगी. गाडी मी आणि मिस्टर आलटून पालटून चालवतो, त्यामुळे खाली जे लिहितेय ते स्वतः स्टिअरिंग धरून बघितलेलं आहे. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, पहाटे पाचला निघालो, वाटलं होतं दुपारचं जेवण लग्नघरी होईल, पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. घाटात थोडं अडकलो, दोन ठिकाणी पुलाची कामं चालू म्हणून सर्व्हिस रोडवर उतरावं लागलं, ते सगळं धरलं तरी हिशेब लागत नव्हता. तो लागला मुलीच्या वहीमुळे. शाळेच्या कुठल्यातरी उपक्रमासाठी तिने प्रवासाची नोंद ठेवायची ठरवली होती, आणि प्रत्येक टोलनाक्याला रांगेत गाडी पहिल्यांदा थांबली ती वेळ आणि दांडा वर गेला ती वेळ, एवढंच ती लिहीत गेली. एका नाक्यावर ४१ मिनिटं, एकावर २२, एकावर १७, आणि बाकी सगळ्या नाक्यांचे मिळून ३२. बेरीज ११२ मिनिटं. पावणेदोन तासांच्या वर वेळ आम्ही नुसते टोल भरण्यासाठी उभे होतो, तेही गाडीच्या काचेवर फास्टॅग आणि टॅगमधे पुरेसे पैसे असताना.

नाक्यांची नावं मी देत नाही. प्रश्न एका नाक्याचा नाहीये आणि तिथे बूथमधे बसलेल्या पोराला त्रास व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही, त्याचा दिवस आपल्यापेक्षा वाईट असतो, धूर आणि हॉर्न यांच्यात बारा तास.

तर ते ४१ मिनिटंवालं सांगते. दुपारची वेळ, ऊन, डावीकडे ट्रक उजवीकडे बस, पुढे किती गाड्या आहेत ते दिसत नाही. बाबांना शुगर आहे, तासाभराने लघवीला जावंच लागतं, आम्ही ते धरूनच प्रवास आखतो, पण रांगेत अडकल्यावर काय आखणार. पंधरावीस मिनिटं ते काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, अगं मला उतरावं लागेल. मिस्टर त्यांचा हात धरून दोन ट्रकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून घेऊन गेले, ट्रक मधेच फूटभर पुढे सरकतात, ड्रायव्हरला खाली कोण चाललंय ते दिसतही नाही, माझा जीव मुठीत. नाक्याच्या बाजूला स्वच्छतागृहाची पाटी मोठी लावलेली आहे, पण दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे तर ऑफिसमधे, ऑफिसमधल्याने सांगितलं साहेब जेवायला गेलेत. पंचाहत्तरीच्या माणसाला, ज्याने आयुष्यभर मास्तरकी केली, त्या इमारतीच्या मागे भिंतीआड जावं लागलं. गाडीत परत आले ते खिडकीबाहेर बघत बसले, लग्नघर येईपर्यंत फारसं बोलले नाहीत, आणि पाणी पिणंही बंद केलं, पुन्हा जावं लागू नये म्हणून. शुगरच्या माणसाने दिवसभर पाणी न पिणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ते दोघं परत आले तोवर रांग थोडी सरकली होती आणि आमची गाडी एका आडव्या पिवळ्या पट्टीवर येऊन थांबली. टायरांनी झिजून मधे मधे काळी पडलेली, पण डांबरावर अजून ओळखू येत होती. मुलीने विचारलं ही पट्टी कशाची गं, झेब्रा क्रॉसिंगसारखी पण नाही. मला माहीत होतं. सांगताना इतकं वाईट वाटलं की तेव्हाच ठरवलं घरी गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायचं.

२०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सगळ्यांना सक्तीचा झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने एक सूचना काढली होती. गर्दीच्या वेळीसुद्धा एका गाडीला नाक्यावर १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. आणि रांग १०० मीटरच्या पुढे गेली, तर ती पुन्हा १०० मीटरच्या आत येईपर्यंत पुढच्या गाड्या टोल न घेता सोडायच्या. हे शंभर मीटर कुठे ते लोकांना आणि नाक्यावरच्या माणसांना दोघांनाही कळावं म्हणून प्रत्येक लेनमधे ती पिवळी पट्टी मारायची होती. आमच्या टायरखाली होती ती तीच. तेव्हा पेपरात वाचून मला खरंच बरं वाटलं होतं, कारण पहिल्यांदा कोणीतरी मान्य केलं होतं की आपण टोल डांबराचा देत नाही, वेळ वाचतो त्याचा देतो, आणि वेळ वाचला नाही तर पैसे मागायचा हक्क राहत नाही.

नियम प्रत्यक्षात पाळला जायचा का? फारसा नाही, मी स्वतः कधी फाटक उघडलेलं पाहिलं नाही. पण हातात काहीतरी होतं. खाली उतरून बोट दाखवून सांगता यायचं, दादा रांग पट्टीच्या मागे गेलीये, सोडा. मग २०२४ च्या ऑगस्टमधे प्राधिकरणाने ही सवलतच मागे घेतली. आता पट्टी रस्त्यावर आहे आणि तिला काही अर्थ नाही. मुलगी म्हणाली मग पुसली का नाही. काय सांगणार तिला.

हे तांत्रिक वाटेल पण सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पट्टीवर आलो तेव्हाची वेळ मुलीने लिहिली, दांडा वर गेला ती पण लिहिली, मधे १६ मिनिटं. शंभर मीटरमधे ट्रक-कार मिळून बाराएक, फार तर पंधरा गाड्या मावतात. म्हणजे एका गाडीला एक मिनिटाच्या वर. जिथे दहा सेकंद लागायला हवे तिथे एक मिनिट का लागतंय हे मी बसल्या बसल्या बघत होते. एक तर दहापैकी तीन लेन बंद, आडवे कोन लावून ठेवलेले, आणि बूथमधे माणूस नाही. दुसरं म्हणजे आमच्या लेनमधे दर तीनचार गाड्यांमागे एकाचा टॅग वरच्या मशीनला वाचता येत नव्हता, मग पोरगं हातातलं मशीन घेऊन बाहेर येणार, काचेला लावणार, मागे घ्या, पुढे घ्या, थोडं अजून मागे, आता ट्रक मागे घेणार कसा, मागे गाडी चिकटलेली. तिसरं, स्थानिक पासवरून वाद, एक गाडी त्यासाठी चार मिनिटं उभी होती. आणि चौथं आपलं लोकांचं, ते पण लिहायलाच हवं, बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून पुढे जाऊन ऐनवेळी तोंड घुसवणारे. मागचे बिचारे शिस्तीत उभे राहतात आणि हे तिरके घुसतात, त्याने दोन लेन एकदम अडतात. कुटुंबं घेऊन चाललेली माणसं हे करतात याचा मला मनापासून राग येतो.

पण पहिली दोन कारणं ज्याच्या हातात आहेत त्याला ती दूर करायची गरज वाटायला हवी ना. बऱ्याच नाक्यांवर वसुलीचं काम ठेका घेतलेली एजन्सी करते, ठरलेली रक्कम प्राधिकरणाला भरायची आणि जमा होईल ते आपलं, असा व्यवहार असतो. रांग शंभर मीटर असो की दीड किलोमीटर, प्रत्येक गाडी शेवटी त्याच दांड्याखालून जाणार आणि पैसे तेवढेच मिळणार, उलट बंद लेनवर माणूस ठेवला तर पगाराचा खर्च वाढणार. मग तो लेन कशाला उघडेल? पट्टीच्या नियमात हीच एक गोष्ट होती की रांग वाढली तर नुकसान त्याचं व्हायचं. ते काढून टाकल्यावर रांगेचं सगळं नुकसान आपल्या अंगावर आलं. डिझेल आपलं, वेळ आपला, बाबांचं पाणी आपलं.

काही जण म्हणतील वार्षिक पास काढा. १५ ऑगस्ट २०२५ पासून (सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत) वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते, असा पास खासगी कार-जीपसाठी मिळतो आणि जे नेहमी जातात त्यांच्यासाठी तो खरंच चांगला आहे, माझ्या मावसभावाने काढलाय. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर चालत नाही कारण ते राज्याचे रस्ते. आणि मुख्य म्हणजे पास असला तरी रांग तीच असते, पासवाल्यासाठी वेगळा दांडा नाही.

आता दुसरी गोष्ट, हिच्यासाठी तर खास लिहायचं होतं. पुढच्या एका नाक्यावर आमचा टॅग वाचला गेला नाही. पोराने हातातलं मशीन लावलं, तरी नाही. म्हणाला मॅडम ब्लॅकलिस्ट दाखवतंय, म्हणजे टॅग बंद केलेला. मी मोबाइलवर बॅलन्स दाखवला, त्याआधीच्या नाक्यावर तासाभरापूर्वीच पैसे कापल्याचा मेसेज दाखवला, तो बघायलाच तयार नाही. म्हणाला कॅश दिली तर डबल लागेल, यूपीआय केलंत तर सव्वापट, पटकन सांगा, मागे बघा किती लाइन लागलीये. हा सव्वापटीचा नियम खराच आहे, १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, तेव्हा ठरलं ते असं, ज्याच्याकडे चालू फास्टॅग नाही त्याने रोख दिले तर दुप्पट आणि यूपीआयने दिले तर सव्वापट. पण माझ्याकडे चालू फास्टॅग होता! मागून हॉर्न, एक ट्रकवाला उतरून आला, ओ ताई भरून टाका ना, आम्हाला पण जायचंय. भरले सव्वापट. आणि तिसऱ्या दिवशी हुबळीहून परत निघताना मेसेज आला की त्याच नाक्यावर त्याच फेरीचे पैसे टॅगमधून पण कापले गेलेत. म्हणजे एका फेरीचे सव्वादोन पट.

घरी येऊन बँकेकडे तक्रार केली, त्यांनी तक्रारीचा नंबर दिलाय, अजून उत्तर यायचंय. पैसे येतील न येतील. पण ते शोधताना जे हाती लागलं ते प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं. २०१८ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने टोलच्या नियमांत दुरुस्ती केलेली आहे, तुमचा टॅग चालू असेल, खात्यात पुरेसे पैसे असतील आणि नाक्यावरच्या यंत्रणेत बिघाड असल्यामुळे टोल कापला गेला नाही, तर तुम्हाला टोल न घेता सोडायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची. द्यायचीच, बंधनकारक आहे. म्हणजे त्या दिवशी मी एकही पैसा देणं लागत नव्हते. इतकी वर्षं गाडी चालवतेय, अशी पावती असते हे मला माहीत नव्हतं, आणि ज्या पोराने ती द्यायची त्याला तरी माहीत असेल असं मला वाटत नाही, कारण त्याला कोणी शिकवलंच नसणार.

इथे अडचण काय आहे तर चूक टॅगची की मशीनची हे ठरवणार कोण. आत्ता ते ठरवतो बूथमधला स्क्रीन, आणि तो स्क्रीन फक्त बूथमधल्यालाच दिसतो. तो म्हणाला ब्लॅकलिस्ट की ब्लॅकलिस्ट. ड्रायव्हरच्या हातात काही पुरावा राहत नाही. खरंच कोणाचा टॅग बंद असेल, केवायसी राहिलं असेल, बॅलन्स संपला असेल तर त्याने दंड भरावा, माझी काही हरकत नाही. पण ड्रायव्हरकडे तोंड केलेला एक छोटा स्क्रीन लावा, त्यावर टॅग वाचला की नाही आणि नसेल तर कारण काय ते मराठीत दिसू दे, आणि जादा पैसे घेतले की पावतीवर ते कारण छापून द्या. पेट्रोल पंपावर मीटर आपल्याकडे तोंड करून असतो ना, शून्य बघा म्हणतात ना, तसंच इथे का नको?

आता कोणी म्हणेल फाटक उघडून गाड्या सोडणं शक्य नाही, गोंधळ होईल. मग गणपतीत काय होतं? दरवर्षी कोकणात जाणाऱ्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं, आषाढीला वारकऱ्यांच्या गाड्यांना टोल माफ असतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरतानाचे पाचही नाके, दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी, छोट्या गाड्यांना माफ झाले. म्हणजे सरकारला हे जमतं, आणि दांडा वर केला की रांग हलते हेही सरकारला पक्कं माहीत आहे.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाहीये. केरळमधे पालियेक्कराच्या नाक्यावर रस्त्याच्या कामांमुळे माणसं तासन् तास अडकत होती, तर ऑगस्ट २०२५ मधे तिथल्या हायकोर्टाने टोलवसुलीच थांबवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे कोर्टाने विचारलं की ६५ किलोमीटरला १२ तास लागत असतील तर माणसाने १५० रुपये का द्यावेत, आणि हायकोर्टाचा निर्णय कायम ठेवला. पुढे ऑक्टोबरमधे वसुली पुन्हा सुरू झाली ते खरं, पण तोपर्यंत दोन महिन्यांच्या वर लोकांनी टोल भरला नाही. आपल्याकडे पुणे-सातारा रस्त्याचं सहापदरीकरण २०१० मधे सुरू झालं, त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी इतकी वर्षं काय काय सोसलंय ते तुमच्या पेपरात सतत छापून येतंच, टोल मात्र या सगळ्या काळात चालूच होता.

फाटक नसलेल्या टोलची चर्चा आता सुरू आहे, कॅमेऱ्याने नंबर प्लेट वाचायची, गाडी थांबवायचीच नाही. गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठी २०२५ मधे तसा करारही झाला. चांगलं आहे, लवकर यावं. पण ते सगळ्या नाक्यांवर येईपर्यंत आम्ही काय करायचं, आणि त्यातही चुकीचे पैसे कापले गेले तर आज एक बँक आणि एक नाका तरी आहे दाद मागायला, उद्या नाकाच नसेल तर कोणाकडे जायचं, हे आधी ठरवा.

म्हणून आमच्या भागातल्या खासदारांना मी वेगळं पत्र लिहिलंच आहे, पण तुमच्या पेपरातून महाराष्ट्रातल्या सगळ्याच खासदारांना विनंती करते. २०२१ ची सूचना हे नुसतं परिपत्रक होतं, म्हणून ते काढणं इतकं सोपं गेलं. टोल ज्यानुसार घेतला जातो ते राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम २००८ चे आहेत, त्यातच ही अट घाला. रांग शंभर मीटरच्या पुढे गेली की फाटक उघडायचं, असं नियमातच लिहा. पट्टीवर कॅमेरा बसवा, मग रांग किती होती यावर भांडण नको, रेकॉर्डच राहील. नाक्यांवर आधीच डझनभर कॅमेरे असतात, त्यातला एक पट्टीकडे वळवायला फार खर्च येणार नाही. शून्य रकमेच्या पावतीचा नियम प्रत्येक बूथच्या काचेवर मराठीत, ड्रायव्हरला बसल्या जागेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावा. आणि स्वच्छतागृहाला दिवसा कुलूप दिसलं तर त्या दिवसाचा दंड ठेकेदाराला लावा. म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्याला हे शेवटचं सगळ्यात आधी हवंय, आम्हा बायकांना तर भिंतीआड जाणंही शक्य नसतं.

मुलीच्या वहीतल्या पानाचा फोटो सोबत जोडलाय, वेळा तिने पेन्सिलने लिहिल्यात, अक्षर गाडीत लिहिलेलं असल्यामुळे वाकडं आलंय पण आकडे वाचता येतात. पुढचा महिना सुट्ट्यांचा आहे, तुमचे शेकडो वाचक याच रस्त्यांवरून जाणार आहेत. जाताना कोणीतरी एकाने अशीच वेळ लिहून ठेवावी, पट्टीपासून दांड्यापर्यंत किती मिनिटं, बस्स एवढंच, आणि तुमच्याकडे पाठवावं. आणि आजवर कोणाला खरोखर शून्य रकमेची पावती मिळाली असेल तर त्यांनी ह्याच सदरात जरूर लिहावं, कुठल्या नाक्यावर मिळाली आणि ती मागण्यासाठी काय बोलावं लागलं, ते बाकीच्यांना कळू दे.

आपली,
एक नियमित वाचक